बारा मैलांच्या आत, बारा मैलांच्या बाहेर

चौतीस वर्षं मी मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची सोळा कप्तान म्हणून. आता मुंबईत नव्या पोरांना शिकवतो. अभ्यासक्रमात सागरी कायद्याचा भाग आहे आणि पोरं तो पाठांतरावर निभावून नेतात: प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल, लगतचा पट्टा २४, अनन्य आर्थिक क्षेत्र २००. मीही तसाच निभावला होता. १९८२ साली जमैकातल्या माँटेगो बे इथे सह्या झालेल्या समुद्र कायदा कराराची ३२० कलमं आहेत. त्यातली जी थोडी मला खरी कळली ती ब्रिजवर उभं राहून, आणि दोनतीन तर बंदरात अडकून पडल्यावर. पोरांसाठी म्हणून लिहायला घेतलं होतं. आकडे घातलेत ते केवळ सोयीसाठी.

१. जहाजाचं गाव रंगाच्या डब्यातून येतं

माझ्या पहिल्या जहाजाच्या मागच्या अंगाला नावाखाली ‘मोनरोव्हिया’ लिहिलेलं होतं. घरी फोटो पाठवला तेव्हा आईनं पत्रातून विचारलं, तुमचं जहाज तिकडचं का? लायबेरियाच्या राजधानीत मी आजतागायत पाय ठेवलेला नाही. मालक युरोपातला, अधिकारी भारतीय, खलाशी फिलिपिनो, माल ब्राझीलचा, आणि मागे फडकणारा झेंडा लायबेरियाचा. जगातली सर्वांत मोठी जहाज-नोंदणी लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तीन देशांकडे आहे. त्यातल्या लायबेरिया आणि मार्शल बेटांच्या नोंदणीचं कामकाज अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून चालतं. मंगोलियाला समुद्रच नाही, तरी त्याची जहाज-नोंदणी आहे, सिंगापुरात.

सेकंड ऑफिसर असताना एकदा आमचं जहाज नांगरावर उभं असताना विकलं गेलं. दुपारी नवे कागद आले, संध्याकाळपर्यंत बोसन आणि एक खलाशी दोरांना टांगलेल्या फळीवर बसून मागचं नाव पुसत होते. जहाजाची नावं नुसती रंगवलेली नसतात, अक्षरांच्या कडा वेल्डिंगनं उठवलेल्या असतात. त्यामुळे वरून पांढरी नवी अक्षरं आली तरी उन्हं कलली की जुनं नाव खालून वर येतं. जेवायला गेलो तेव्हा एका देशाचे होतो, जेवून आलो तेव्हा दुसऱ्या. मेसमध्ये यावर भरपूर हसलो.

हसणं पुढे कमी झालं. करारात कलम ९१ मध्ये म्हटलंय की जहाज आणि त्याचा झेंडा यांच्यात ‘खरा संबंध’ हवा. तो कशानं ठरतो हे कुठेच सांगितलेलं नाही, आणि वाद चाळीस वर्षं तिथेच रुतलाय. पण झेंडा म्हणजे निव्वळ सोंग असंही नाही. १९९७ साली ‘सायगा’ नावाचं छोटं तेलवाहू जहाज पश्चिम आफ्रिकेजवळ मासेमारी नौकांना डिझेल देत होतं. गिनीच्या गस्ती नौकांनी त्याच्यावर गोळ्या झाडून ते पकडलं. अधिकारी युक्रेनचे, झेंडा मात्र सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या चिमुकल्या बेट-देशाचा. त्या देशानं हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणात दावा लावला. त्या न्यायाधिकरणापुढचा तो पहिलाच खटला. १९९९ च्या निकालात वीस लाख डॉलरहून जास्त भरपाई मिळाली. त्याहून मोलाचं म्हणजे न्यायाधिकरणानं सांगितलं की जहाज, त्यावरचा माल आणि माणसं हे सगळं मिळून एक, आणि त्या सगळ्यांच्या वतीनं झेंड्याचा देश बोलू शकतो, मग माणसं कुठलीही असोत. म्हणजे आपला वाली कोण होणार हे त्या रंगाच्या डब्यावर ठरतं. डबा उघडताना आपल्याला कोणी विचारत नाही, एवढीच त्यातली मेख.

२. लहान होडीला आपली भीती वाटते

माझं गाव हर्णैजवळ. मच्छीच्या लिलावाचा आवाज कानात घेऊनच वाढलो. मोठं जहाज सरळ अंगावर येताना दिसलं की आमच्याकडचा तांडेल काय करतो हे मला ठाऊक आहे. तो पळत नाही, उलट जहाजाच्या दिशेनं होडी हाकतो, हातवारे करतो, शर्ट फिरवतो. कारण मागे मैलभर पसरलेलं जाळं आहे, आणि ते तुटलं तर वर्ष बुडालं.

२०११ साली अरबी समुद्रात सोमाली चाच्यांचा धाक होता. जहाजाभोवती काटेरी तार, डेकवर बॉयलर सूट घातलेली बुजगावणी, आणि ब्रिजच्या पंखावर चार खासगी बंदूकधारी रक्षक. एका सकाळी रडारवर एक ठिपका आमच्याकडे वेगानं येऊ लागला. रक्षकांचा म्होरक्या माजी ब्रिटिश सैनिक. त्यानं बंदूक उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. दुर्बिणीतून होडी दिसली. पुढे एक माणूस उभा, हातात काहीतरी लांब. ती शिडी असू शकत होती, रॉकेट लाँचर असू शकत होता. मग पाण्यावर बावटा दिसला, जाळ्याच्या बोयावर लावतात तो. मी म्हटलं, थांब. सुकाणू डावीकडे घेतलं आणि जाळ्याला वळसा घातला. त्या माणसाच्या हातात वल्हं होतं. म्होरक्या नंतर मला म्हणाला, बावटा मला दिसलाच नव्हता. खोटं बोलत नव्हता तो. त्याला तो काय आहे हेच माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०१२ ला, केरळच्या किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैलांवर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या होडीवर गोळीबार केला. दोन मच्छीमार गेले. पुढची आठ वर्षं दोन देश भांडले: जागा बारा मैलांच्या बाहेरची, मेलेले आमचे, मारणारे सरकारी गणवेशातले. हेग इथल्या लवादाचा निवाडा २०२० मध्ये आला. नौसैनिक सरकारी कामावर होते, म्हणून त्यांना भारतीय फौजदारी न्यायालयापासून संरक्षण आहे, पण होडीचा मुक्त संचाराचा हक्क इटलीनं मोडला, तेव्हा भरपाई द्यावी. दहा कोटी रुपये आले. चार-चार दोन कुटुंबांना, दोन होडीच्या मालकाला. २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण बंद केलं, २०२२ मध्ये रोममधली चौकशीही मिटली. कुणावरही साक्षीपुराव्याचा खटला शेवटपर्यंत चालला नाही.

कायदेपंडित या निवाड्याची बरीच तारीफ करतात. दोन्ही देशांनी तो मानला हे खरंच आहे. मला मात्र त्यातलं एक वेगळंच खटकत राहतं. माझ्या जहाजावरचे चौघे खासगी होते, त्यांना असलं कवच नव्हतं. २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ पकडलेल्या एका जहाजावरचे खासगी रक्षक चार वर्षं खटल्यात अडकले आणि शेवटी निर्दोष सुटले, त्यांनी तर गोळीसुद्धा झाडली नव्हती. त्या सकाळी बंदूक चालली असती तर ती कोणाच्या पगारावर आहे यावरून पुढचं सगळं ठरलं असतं. वल्हं हातात धरलेल्या माणसाला त्यानं काय फरक पडला असता?

३. पकडणं सोपं, खटला अवघड

समुद्रावरचा चाचा हा सगळ्या जगाचा गुन्हेगार, कोणीही पकडावा, असं करार सांगतो. मग पकडल्यावर काय?

१९९९ साली जपानी मालकीचं ‘अलोंड्रा रेनबो’ इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालं आणि पळवलं गेलं. खलाशांना तराफ्यात सोडून दिलं, एका थाई मासेमारी नौकेनं त्यांना वाचवलं. चाच्यांनी काय केलं असेल? रंगाचा डबा उघडला. ‘मेगा रामा’ असं नाव दिलं, बेलीझचा झेंडा लावला. आपल्या नौदलानं आणि तटरक्षक दलानं पाठलाग करून ते धरलं आणि मुंबईत आणलं. सत्र न्यायालयानं २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयातून सगळे सुटले. परक्यांनी, परक्या जहाजावर, भर समुद्रात केलेल्या चाचेगिरीसाठी भारताकडे स्वतःचा कायदाच नव्हता. करारावर सही असून चालत नाही, घरात कायदा लागतो, हे समजून तो करायला आपल्याला २०२२ उजाडलं. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं ‘रुएन’ जहाजावरून ३५ सोमाली चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा तो कायदा हाताशी होता.

४. दोघंही वर्गाबाहेर उभे राहून फळा वाचतात

होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी एकवीसेक सागरी मैल. इराण आणि ओमान दोघांचे बारा-बारा मैल धरले की मध्ये मोकळा समुद्र उरतच नाही. जहाजांच्या जाण्यायेण्याच्या दोन वाटा, प्रत्येकी दोन मैल रुंद, बऱ्याचशा ओमानच्या पाण्यातून जातात. अशा जागी परक्या जहाजांना न थांबता पार होण्याचा हक्क करारानं दिलाय. इराणनं करारावर सही केली पण तो मंजूर केला नाही, आणि वर म्हणतो की हा हक्क करारातल्या देशांनाच. अमेरिकेनं सहीसुद्धा केलेली नाही, आणि म्हणते की हा हक्क रूढीनं सगळ्यांचाच. दोघंही वर्गाबाहेर, आणि आतल्या फळ्यावरचं वाचून एकमेकांना धडे देतायत.

२०१९ च्या जुलैत हे नाटक आमच्या माणसांवर आलं. ४ जुलैला ब्रिटिश कमांडोंनी जिब्राल्टरला ‘ग्रेस १’ हे इराणी तेलाचं जहाज धरलं. तेल सीरियाला चाललंय, युरोपीय संघाचे निर्बंध मोडले, असं कारण. १९ जुलैला इराणनं होर्मुझमध्ये ‘स्टेना इम्पेरो’ धरलं. मासेमारी नौकेला धडक दिली, असं कारण. झेंडा ब्रिटिश, मालक स्वीडिश, आणि २३ पैकी १८ खलाशी भारतीय. ‘ग्रेस १’ वरही बहुतेक आपलेच. म्हणजे ब्रिटन आणि इराणनं एकमेकांचे ओलीस घेतले, आणि दोन्हीकडचे ओलीस आमचे.

ऑगस्टमध्ये ‘ग्रेस १’ सुटलं. नाव बदलून ‘एड्रियन डार्या १’, झेंडा इराणचा. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले इराण विषयाचे प्रमुख ब्रायन हुक यांनी त्या जहाजाच्या भारतीय कप्तानाला थेट ईमेल केला: जहाज आम्ही पकडू शकू अशा ठिकाणी आणा, लाखो डॉलर देऊ. त्यानं आणलं नाही. काही दिवसांत त्याच्यावर निर्बंध लागले. ही बातमी वाचली तेव्हा मी रजेवर होतो. आम्हा कप्तानांना वादळाचे, आगीचे, माणूस पाण्यात पडल्याचे सराव असतात. परराष्ट्रनीती इनबॉक्समध्ये आली तर काय करावं, याचा सराव कोणी घेतलेला नाही.

पोरांना एवढंच सांगतो: रेडिओच्या चॅनल १६ वर कोणाच्याही नौदलानं विचारलं की जहाजाचं नाव, मागचं बंदर, पुढचं बंदर सांगायचं, आवाज चढवायचा नाही, आणि कोणाच्या पाण्यात आहात हे वेळेसकट लॉगबुकात लिहायचं. वाद नंतर वकील घालतील. त्यांना ती ओळ लागते.

५. कोण कोणत्या दिवशी येतं ते लिहून ठेवा

आफ्रिकेतल्या एका बंदरात, देशाचं नाव घेत नाही, आमच्या जहाजातून तेल सांडलं असा आरोप झाला. आमच्या टाक्यांची मोजमापं तसं सांगत नव्हती. पासपोर्ट काढून घेतले. एका कागदावर सही करा म्हणाले, मला न येणाऱ्या भाषेतला. मी केली नाही. मग ४१ दिवस आम्ही तिथेच.

दुसऱ्या दिवशी आला तो विमा क्लबचा स्थानिक प्रतिनिधी, छत्री आणि दोन मोबाइल घेऊन. चौथ्या दिवशी फिलिपिनो खलाशांना त्यांच्या वकिलातीचा फोन. अकराव्या दिवशी आपला माणूस. त्या देशात आपला दूतावासच नव्हता, शेजारच्या देशातून तो विमानानं आला. झेंड्याच्या देशाकडून शेवटपर्यंत ईमेलची पोच तेवढी.

आपल्या अधिकाऱ्याचा मला आधी राग आला होता. तो आला, घाम पुसला, आणि म्हणाला, कप्तानसाहेब, सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहून द्या, घरचा नंबर त्याच्यापुढे. एवढंच? मग कळलं की ती यादी सरकारी शिक्क्यानिशी तिथल्या मंत्रालयात गेली, त्या दिवसापासून पोलीस आमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागले. आम्ही आता नुसते डेकवरचे लोक नव्हतो, कोणीतरी मोजलेले होतो.

यामागचं कलम आहे व्हिएन्नातल्या १९६३ च्या वाणिज्यदूत संबंधांच्या कराराचं, ३६ वं. परदेशात पकडलेल्याला ‘तुझ्या दूतावासाला कळवायचं का’ हे विलंब न लावता विचारायचं, आणि त्यांना भेटू द्यायचं. १७ जुलै २०१९ ला, म्हणजे ‘स्टेना इम्पेरो’ धरलं गेलं त्याच्या दोन दिवस आधी, याच कलमावर, पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातून आला. गावी धो धो पाऊस, टीव्ही मध्येच जातोय, आणि खळ्यात अर्धी आळी. पंधरा विरुद्ध एक. भारताचे वकील हरीश साळव्यांनी एक रुपया घेतला याची चर्चा निकालापेक्षा जास्त. शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे सुटला का रे?”

“नाही काकू. फाशी थांबवली. दूतावासाला भेटू द्या आणि शिक्षेचा फेरविचार करा, असं सांगितलंय.”

“मग जिंकलो कसले?”

मला उत्तर देता आलं नाही. शिक्षा पाकिस्तानी लष्करी न्यायालयाची होती. तो खटलाच रद्द करा, माणूस परत द्या, ही मागणी न्यायालयानं मानली नव्हती. हेगचं न्यायालय मुळात ऐकू तरी का शकलं, तर या कराराच्या एका ऐच्छिक जोडपत्रावर दोन्ही देशांच्या सह्या होत्या म्हणून. आणि भारतानं आधार घेतले ते अमेरिकेविरुद्धच्या निकालांचे: जर्मनीनं जिंकलेला २००१ चा, मेक्सिकोनं जिंकलेला २००४ चा. दुसरा हरल्यावर अमेरिका २००५ मध्ये त्या जोडपत्रातून बाहेर पडली. अमेरिकी नागरिक परदेशात किती फिरतात, हे लक्षात घेतलं तर हा निर्णय मला निव्वळ हट्टीपणाचा वाटतो.

पाकिस्तानचा एक बचाव असा होता की दोन्ही देशांत २००८ चा स्वतंत्र करार आहे, त्यानुसार पाहू. न्यायालयानं तो फेटाळला. पण तो २००८ चा करार पालघर जिल्ह्यातल्या घरांना जाधवांच्या आधीपासून ठाऊक आहे. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, त्या याच कराराखाली. १ जानेवारी २०२५ च्या पाकिस्तानच्या यादीत २१७ मच्छीमार होते. बहुतेक गुजरातचे किंवा गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले. डहाणू-तलासरीकडचे खलाशी त्या बोटींवर असतात. सर क्रीकची ९६ किलोमीटरची खाडी कोणाची हे ठरलेलं नाही, त्यामुळे समुद्रातली हद्द कुठून धरायची हेही नाही. समुद्र कायद्याचं कलम ७३ सांगतं की आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला तर तुरुंगवास देता येत नाही, देशांचा तसा करार असल्याशिवाय. भारत आणि पाकिस्तान, दोघांनीही समुद्र कायदा करार मंजूर केलाय. दोघंही पकडतात, दोघंही तुरुंगात ठेवतात. ‘आमच्या बारा मैलांत आला’ म्हटलं की ते कलम लागूच होत नाही. आणि होडीवरच्या माणसाला बारावा मैल कुठे संपला हे दाखवणार कोण? पुष्कळदा शिक्षा संपते, पण हा आमचाच माणूस आहे असं कळवणारा कागद पोचलेला नसतो.

४१ दिवसांच्या त्या प्रकारानंतर मी प्रत्येक नव्या पोराला एक इंग्रजी वाक्य पाठ करायला लावतो: मला माझ्या दूतावासाशी बोलायचं आहे. इतर कलमं नाही आली तरी चालतील.

६. मोठा देशही निवाडा मानू शकतो

२०१४ मध्ये बंगालच्या उपसागरात भारत-बांगलादेश हद्दीचा निवाडा आला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला. आपण मानला. ज्या न्यू मूर बेटाच्या वादापायी एके काळी युद्धनौका गेल्या होत्या, ते तोवर पाण्याखाली गेलं होतं. २०१६ मध्ये दक्षिण चिनी समुद्राचा निवाडा फिलिपिन्सच्या बाजूनं आला. स्प्रॅटली समूहातली सर्वांत मोठी जमीनसुद्धा कायद्यानं ‘खडक’ ठरली, आणि खडकाला दोनशे मैल मिळत नाहीत. चीन खटल्याला हजर राहिला नाही, निवाडा मानत नाही. दोन्ही पाण्यांतून मी गेलोय. पहिल्यात रेडिओवर मासळीच्या भावाच्या गप्पा ऐकू येतात. दुसऱ्यात तटरक्षक नौका एकमेकींना ‘आमच्या पाण्यातून निघा’ म्हणत असतात, रात्रभर, कंटाळलेल्या आवाजात.

७. झेंडा खोटा असेल तर पहिले पाच धडे विसरा

गेल्या वर्षी चिपळूणकडच्या एका पोराचा फोन आला. कोर्स होऊन दीड वर्ष घरी बसलेला. वडिलांनी कर्ज काढलेलं, एजंटानं वर वेगळे पैसे घेतलेले. सरकारी परवाना नसलेला एजंट.

“सर, टँकर मिळालाय. पगार दीडपट.”

“आयएमओ नंबर सांग.”

हा सात आकडी नंबर जहाज बांधलं तेव्हा मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो, नंबर तोच. शोधलं. वय एकवीस वर्षं, आधीची नावं चार. ज्या आफ्रिकी देशाचा झेंडा लावून ते फिरत होतं, त्या देशाच्या नोंदीत ते नव्हतंच. झेंड्यासमोर ‘खोटा’ असा शेरा.

डिसेंबर २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियन तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत लावली, तेव्हापासून अशी जुनी जहाजं शेकड्यांनी वाढली. त्यांना अडवावं कसं यावर युरोपात मोठा खल चाललाय. ‘ईगल एस’ नावाच्या टँकरनं २०२४ च्या नाताळच्या दिवशी नांगर सुमारे ९० किलोमीटर फरफटवत फिनलंड-एस्टोनियामधली वीजवाहिनी तोडली, असा आरोप झाला. फिनलंडनं जहाज आत आणलं, कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. २०२५ च्या ऑक्टोबरात हेलसिंकीच्या न्यायालयानं सांगितलं की घटना बारा मैलांबाहेरची, हा अधिकार आमचा नाही, झेंड्याच्या देशाचा किंवा ज्याच्या-त्याच्या मायदेशाचा. हे कलम ९७. त्याचं मूळ १९२६ च्या ‘लोटस’ या फ्रेंच जहाजाच्या टकरीत आहे. तेव्हा हेगच्या न्यायालयानं तुर्कस्तानला खटला चालवू दिला होता, आणि जगभरचे खलाशी इतके धास्तावले की पुढे करार करून तो निकाल उलटवला गेला. आमच्या बाजूनं झालेली ती एक मोठी गोष्ट. पण ‘ईगल एस’ला निदान कुक आयलंड्सचा खरा झेंडा होता.

पोराला हे सगळं सांगितलं. झेंडा खोटा म्हणजे जहाज कोणाचंच नाही, कोणतंही नौदल चढून तपासू शकतं. विमा असेलच असं नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन कोणी येणार नाही. परवानाधारक एजंट नाही, म्हणजे तू तिथे आहेस हे आपल्या सरकारलाही माहीत नाही. अकराव्या दिवसाचा माणूस यादी कसली करणार?

तो ऐकत होता. मग म्हणाला, “सर, बाबांचा हप्ता पाच तारखेला असतो.”

तीन आठवड्यांनी त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. लाँचमधून जहाजाकडे जाताना काढलेला, मागचा भाग, संध्याकाळचं तिरपं ऊन. पांढऱ्या रंगात नवं नाव, खाली बंदराचं नाव, त्यात एक अक्षर चुकलेलं. मी फोटो मोठा करून पाहिला. रंगाखाली जुन्या वेल्डिंगच्या रेघा दिसत होत्या, एकावर एक, दोन नावांच्या तरी. खाली त्यानं लिहिलं होतं, “पोचलो सर. ते वाक्य पाठ आहे.”